नाव पाण्यात राहणार की अंगणात?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गिरणा धरणाच्या काठावर आम्ही आमची चौदा फुटी फायबरची बोट ट्रॉलीवरून उतरवत होतो. गाडीच्या डिकीत तांबड्या रंगाचा चार लिटरचा डबा होता, मुंबईहून मागवलेला. बोटीच्या तळाला लावायचा खास रंग. काठावर जाळ्याची गुंतवळ सोडवत बसलेल्या एका वयस्कर भोई नानांनी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ, हाऊ रंग कसाले?"

"तळाला शेवाळ धरू नये म्हणून, नाना."

त्यांनी बोट पाहिली, ट्रॉली पाहिली, आणि म्हणाले, "नाव पानीमा ऱ्हाई का आंगनमा?"

बोट अंगणातच राहणार होती. चाळीसगावला, कडुनिंबाखाली, ताडपत्रीच्या आत. वर्षातले फार तर पंचवीस दिवस ती पाण्यात जाते, तेही सकाळी उतरवायची आणि दिवस मावळायच्या आत बाहेर काढायची. तो डबा मी अजून उघडलेला नाही. नानांच्या प्रश्नात या रंगाचं जवळपास सगळं विज्ञान आहे, हे मला पुढच्या काही महिन्यांच्या वाचनातून कळत गेलं.

स्वच्छ तळ पाण्यात गेला की पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांची न दिसणारी साय त्यावर धरते. काही तासांत जिवाणू येऊन त्या सायीवर बसतात आणि स्वतःभोवती चिकट द्रव्य सोडतात. मग डायटम नावाची काचेच्या कवचाची सूक्ष्म शैवालं येतात, त्यांच्या मागोमाग हिरव्या तंतूंचं शेवाळ. मोठे जीव येतात ते या चिकट गादीवर, आठवड्यांनी. प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि प्रत्येक पायरी ओली असावी लागते.

एकदा दिवाळीनंतर आम्ही बोट आठ-नऊ दिवस पाण्यातच बांधून ठेवली होती. बाहेर काढल्यावर मी तळावरून हात फिरवला. जिथे पाण्याची रेघ येते तिथे बोटीभोवती चार बोटं रुंदीची हिरवी दाढी होती, कारण ऊन तिथेच सगळ्यात जास्त पोचतं. खाली अंधाराकडे हिरवा रंग संपून तपकिरी बुळबुळीत थर होता, भेंडी चिरल्यावर बोटांना लागते तसली चिकटाई. नखानं ओढलं की खाली पांढरा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, तसाच चकचकीत. धुवायला पाणी नव्हतं म्हणून बोट तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या दाढीचा राखाडी कागद झाला होता आणि कडेनं सुटत होता. उरलेलं काथ्यानं घासून निघालं. नोव्हेंबरच्या उन्हानं एवढं केलं, तर मे महिन्यातल्या खानदेशच्या उन्हापुढे शेवाळाचं काय चालणार? ट्रॉलीवरच्या बोटीला वाळवण हेच सगळ्यात जालीम औषध आहे, आणि ते आपल्याकडे फुकट मिळतं.

हा रंग मुळात समुद्रासाठी घडला. खाऱ्या पाण्यात बार्नेकल नावाचा जीव आहे. त्याचं पिल्लू पोहत येतं, डोकं खाली करून तळाला सिमेंटसारख्या द्रव्यानं चिकटतं आणि भोवती चुन्याचं घर बांधून जन्मभर तिथेच राहतं. तो मेला तरी घर निघत नाही, पटाशीनं तासावं लागतं. असल्या खडबडीत तळाची बोट पाणी कापत नाही, ओढत नेते, आणि इंधन खाते. गिरणा, वाघूर, हतनूर या आपल्या धरणांत बार्नेकल नाही. म्हणजे डब्यावरच्या चित्रातला मुख्य शत्रूच आपल्या पाण्यात नाही.

गोड्या पाण्यातही चिकटणारे जीव आहेत म्हणा. गोगलगायी अंडी चिकटवतात, आणि गोड्या पाण्यातले स्पंजही असतात. हेन्री जॉन कार्टर या मुंबईत राहणाऱ्या डॉक्टरनं तिथल्या तलावांतल्या स्पंजांचं सविस्तर वर्णन १८४९ साली छापलं होतं, आणि एका जातीला पुढे त्याचंच नाव मिळालं. पण स्पंज डोळ्यांत भरण्याइतका वाढायला बोट आठवडे, महिने पाण्यातच असावी लागते.

आता रंग काम कसं करतो ते पाहू. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

१७६१ मध्ये ब्रिटिश आरमारानं 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले यांना अटकाव करायचा होता. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं, १७६३ मध्ये तपासणी झाली. तांबं स्वच्छ होतं, पण पत्रे धरून ठेवणारं लोखंड कित्येक ठिकाणी पार खाऊन गेलं होतं. काही खिळे मात्र शाबूत होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्या कागदाचे तुकडे त्या जागी चुकून राहिले होते. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये कागद आला, म्हणून लोखंड वाचलं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यातला एक झिजतो. व्होल्टाची पहिली बॅटरी यायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती.

पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं याच गोष्टीचा उलटा वापर केला. पत्र्यांचं तांबंही समुद्रात हळूहळू विरघळत होतं. त्यानं पत्र्यांना जस्ताचे आणि ओतीव लोखंडाचे तुकडे जोडले, म्हणजे झीज त्यांची व्हावी आणि तांबं राहावं. रसायनशास्त्र बरोबर निघालं, तांब्याचं झिजणं थांबलं. आणि तळावर शेवाळ आणि बार्नेकल धरले. तांबं स्वच्छ राहत होतं ते विरघळत होतं म्हणूनच! पाण्यात सुटणारे तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, हेच विष होतं. ते थांबलं तसा तळ बाकीच्या कुठल्याही तळासारखा झाला.

आजच्या बहुतेक रंगांत हेच तांबं क्युप्रस ऑक्साईडच्या रूपात असतं, काही डब्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास. रंग टिकला म्हणून तळ स्वच्छ राहतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो थोडाथोडा संपतो म्हणून तळ स्वच्छ राहतो. तो कुठे संपतो, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. मालेगाव आणि चाळीसगाव गिरणेचं पाणी पितात. तांब्याचा लोटा आपण पवित्र मानतो, माणसाला थोडं तांबं लागतंही, पण शैवाल, गोगलगायी आणि माशांची पिल्लं यांना त्याची फार कमी मात्राही बाधते. स्वीडननं आपल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत असले विषारी रंग चालू दिलेले नाहीत. आपल्या बंधाऱ्यांचं पाणी उन्हाळ्यात आटून तळाला जातं, त्यामुळे इथे जास्तच जपायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

तांब्याहून जहरी असा ट्रायब्यूटिल टिन हा पदार्थही रंगात घालत असत. लिटरभर पाण्यात एका नॅनोग्रॅमच्या आसपास तो असला, तरी काही समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटत. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीतल्या कालवांची कवचं वेडीवाकडी होऊ लागली, तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान बोटींवर त्याला बंदी आली. जगभराचा करार लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं.

ट्रॉलीचं गणितही रंगाच्या विरोधात जातं. कडक, म्हणजे थर न झिजणाऱ्या, रंगातलं तांबं कोरड्या हवेत पडून राहिलं की पृष्ठभागावर ऑक्सिडाईज होतं आणि पुढच्या वेळी नीट सुटत नाही. झिजणारे काही रंग कोरडं राहणं सहन करतात, पण तेही ट्रॉलीच्या रोलरवर घासून निघतात. शिवाय लावण्याआधी चकचकीत जेलकोट पॉलिश पेपरनं खरवडावा लागतो. ती चकाकी परत आणणं जिकिरीचं असतं. विकायच्या वेळी गिऱ्हाईक आधी हेच पाहतं.

"रंग लावला नाही तर फायबरला फोड येतात," असं मला मिस्त्रीनं सांगितलं होतं. फोड येतात हे खरं. फायबरमधल्या पॉलिस्टर रेझिनच्या थरात पाणी मुरतं, आत रासायनिक विघटन होतं आणि जेलकोट फुगतो. पण त्याला बोट महिनोन्‌महिने पाण्यात असावी लागते, आणि तळाचा रंग पाणी अडवतही नाही. पाणी अडवतो तो त्याच्याखाली लावायचा इपॉक्सीचा थर. अंगणातल्या बोटीला खरा धोका असतो तो आत साचणाऱ्या पावसाच्या पाण्याचा. पावसाळ्यात तळाचं बूच काढून ठेवावं, पुढचं टोक थोडं वर करावं, ताडपत्रीला ढाळ द्यावा.

रंग कुणी लावावा? ज्यांची नाव पाण्यातच राहते त्यांनी विचार करावा. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यावर असे पाडे आहेत की तिथे दवाखानासुद्धा बोटीनं जातो. तिथली बोट अंगणात आणून वाळवा असं कुणाला सांगता येणार नाही. तिच्यासाठीही मी आधी इपॉक्सी आणि महिन्या-दोन महिन्यांनी काठावर ओढून घासणं सुचवेन, तांबं शेवटी. माझ्या हिशेबानं सलग पंधरवड्याच्या आत बोट पाण्याबाहेर येत असेल, तर काथ्या आणि मेणाचं पॉलिश पुरे. बोट ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा रंग लावूच नये. 'अलार्म'च्या खिळ्यांचं झालं तेच तिच्या पत्र्याचं होईल. इंजिनाचा पाण्यात बुडणारा भागही बहुधा ॲल्युमिनियमचाच असतो.

गिरणेहून हतनूरला जायचं असेल तर बोट पुरती वाळावी आणि एका धरणातले जीव दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून आम्ही आता मध्ये निदान आठवडा जाऊ देतो. ट्रॉलीच्या आसाला जलपर्णीचा एखादा तुकडा अडकलेला असतो, तो हातानं काढतो. बोटीत उरलेलं पाणी घराच्या बागेत ओततो, दुसऱ्या धरणात नाही. स्पंजाचं बीज मात्र वाळवूनही मरत नाही. आटणाऱ्या तळ्यात टिकून राहण्यासाठी स्पंज गोल, कडक कवचाच्या गुठळ्या करून ठेवतो. खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात त्या. तळाच्या बुचाजवळच्या खोबणीत त्या बसू शकतात, म्हणून तिथे मी जुना टूथब्रश फिरवतो.