सीसॅटचा वाद नेमका कुठून आला

"सीसॅट म्हणजे इंजिनीअरांचा पेपर, आर्ट्सवाल्या आणि मराठी माध्यमवाल्या पोरांना बाहेर ठेवायला आणलाय." हे वाक्य पुण्यात कुठल्याही अभ्यासिकेच्या खाली चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं. सीसॅट म्हणजे केंद्राच्या (यूपीएससीच्या) नागरी सेवा पूर्वपरीक्षेतला दुसरा पेपर, आकलन आणि तर्क तपासणारा. त्या आरोपात तथ्य आहेच, पण हा पेपर आणला गेला तोच मुळी 'सगळ्यांना समान संधी' म्हणून, हे आता कुणाच्या लक्षातही नसतं.

फार मागे जायचं तर कंपनी सरकारच्या नोकऱ्यांसाठी स्पर्धा परीक्षा सुचवणाऱ्या 1854 च्या अहवालापर्यंत जाता येईल. त्यात ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750 मार्क होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी 375. परीक्षा लंडनला, भारतात घ्यायला सुरुवात झाली थेट 1922 मध्ये. म्हणजे पेपर सगळ्यांना सारखा पण मार्क कशाला द्यायचे हे आधीच ठरलेलं, ही तक्रार काही नवीन नाही. असो.

आजच्या वादाची सुरुवात 1979 ची. तेव्हापासून यूपीएससीच्या परीक्षेत पूर्व (चाळणी) आणि मुख्य अशा दोन पायऱ्या आल्या आणि मुख्य परीक्षा मराठीसकट राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये लिहिता यायला लागली. पूर्वपरीक्षा मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत. ती आजही तशीच आहे, आणि मराठी माध्यमाच्या पोराचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं, कारण मुख्य परीक्षा मायबोलीत लिहायची तर आधी परक्या भाषेतल्या दारातून आत जावं लागतं.

2010 पर्यंत पूर्वमध्ये जीएसचे (सामान्य अध्ययनाचे) 150 आणि वैकल्पिक विषयाचे 300 मार्क असायचे. एकाचा इतिहास, दुसऱ्याचं गणित, तिसऱ्याचं पशुवैद्यक, आता यांची तुलना करायची कशी? तर स्केलिंग, म्हणजे विषयानुसार मार्क वरखाली करून एका पातळीवर आणायचे. कुठल्या विषयाला किती फटका बसला हे पोरांना कळायचं नाही, मग अमुक विषय 'चालतो', तमुक 'मार खातो' अशा अफवांवर लोक विषय घ्यायचे आणि क्लासवाले त्यावर पोट भरायचे. हे बंद करून सगळ्यांना एकच पेपर द्यायचा, पाठांतर नाही तर आकलन आणि विचार तपासायचा, म्हणून 2011 ला वैकल्पिक विषय गेला आणि सीसॅट आला. 80 प्रश्न, 200 मार्क, दोन तास. उतारे, लॉजिक, दहावीपर्यंतचं गणित, निर्णयक्षमता आणि थोडं दहावीच्या पातळीचं इंग्रजी.

कागदावर चोख. पण 80 प्रश्नांना दोन तास म्हणजे एका प्रश्नाला 90 सेकंद. त्यात उतारा मूळ इंग्रजीत लिहिलेला आणि हिंदीत उतरवलेला, ते हिंदी असं की हिंदी पट्ट्यातल्या पोरांनाच कळेना. मग पोरगा काय करतो, हिंदीतलं वाक्य दोनदा वाचतो, अर्थ लागत नाही म्हणून इंग्रजीकडे जातो, तिथला एखादा शब्द अडतो म्हणून परत हिंदीकडे येतो, आणि तोवर इंग्रजी माध्यमवाला पुढच्या उताऱ्यावर गेलेला असतो. दोघांची आकलनशक्ती सारखी धरली तरी घड्याळ सारखं चालत नाही. ज्याने चार वर्षं इंजिनीअरिंग केलं आणि मधे कॅटची (एमबीएच्या प्रवेश परीक्षेची) तयारी केली त्याला या प्रकारचे प्रश्न नवीनही नसतात, हा आणखी वेगळा फायदा.

मधेच मार्च 2013 मध्ये मुख्य परीक्षेचे नवे नियम आले. प्रादेशिक भाषेत पेपर लिहायचा तर पदवी त्याच माध्यमातून हवी आणि त्या भाषेत लिहिणारे किमान 25 उमेदवार हवेत, वर इंग्रजीचे 100 मार्क मेरिटमध्ये धरणार. आपल्याकडे तेव्हा इंजिनीअरिंग, मेडिकल, शेती सगळं इंग्रजीतून, मग मराठीतून पदवी आणायची कुठून? महाराष्ट्रातून जोरदार विरोध झाला, संसदेत गोंधळ झाला, आणि त्याच महिन्यात नियम मागे घ्यावे लागले. सीसॅटविरुद्धच्या आंदोलनाला हिंमत इथूनच आली असावी.

आता 2014. दिल्लीत हिंदी माध्यमाची पोरं रस्त्यावर उतरली, जुलैभर धुमसत होतं. पूर्वपरीक्षा 24 ऑगस्टला, आणि 4 ऑगस्टला सरकारने जाहीर केलं की इंग्रजी आकलनाचे मार्क मेरिटला धरणार नाहीत, शिवाय 2011 ला बसलेल्यांना 2015 मध्ये आणखी एक संधी. हा निर्णय मला आजही पटत नाही. ज्या पोरांनी वर्षभर त्या भागाची तयारी केली त्यांचं काय, हे तर आहेच. पण मुख्य म्हणजे औषध भलत्याच जागी लावलं. ते इंग्रजीचे प्रश्न तुलनेने सोपे होते, गावाकडची बरीच पोरं ते हक्काचे मार्क म्हणून धरायची. खरा घोळ होता भाषांतरित उताऱ्यांत आणि वेळेत, आणि त्याला कुणी हातच लावला नाही. इंग्रजी डोळ्यांना दिसतं म्हणून इंग्रजी काढलं.

परीक्षा पक्षपाती आहे का हे तपासायची पद्धत जगात कधीची आहे. एकूण मार्क सारखे असलेले दोन गट घ्यायचे, एक इंग्रजी माध्यमाचा एक दुसऱ्या माध्यमाचा, आणि एकेका प्रश्नावर दोघांची कामगिरी बघायची. बाकी सगळीकडे बरोबरीत असणारा गट एखाद्याच प्रश्नावर सपाटून मार खात असेल तर खोट त्या प्रश्नात असू शकते. आंदोलनाच्या धामधुमीत मात्र चर्चा 'हिंदी विरुद्ध इंग्रजी' इथेच अडकली, आणि या दोन्हीतली एकही भाषा आपली नसणारा मराठी, कन्नड, ओडिया उमेदवार त्यात कुठेच नव्हता.

2015 मध्ये सीसॅट क्वालिफाइंग झाला, म्हणजे मार्क मेरिटला धरायचे नाहीत, नुसतं पास व्हायचं, 33 टक्के म्हणजे 66 मार्क पुरे. एकही चूक न करता 27 प्रश्न बरोबर आले की पास. सगळे खूश, वाद संपला असं वाटलं.

राज्याच्या आयोगाने (एमपीएससीने) मात्र 2013 मध्ये आपल्या राज्यसेवा परीक्षेला हाच सीसॅट आणला होता आणि तो मेरिटला धरणं चालूच ठेवलं. इथे उतारे मराठीतही, त्यामुळे भाषेची तक्रार कमी, पण 400 पैकी 200 मार्क याच पेपरचे, त्यामुळे 'इंजिनीअरांचा पेपर' हे नाव खरं पक्कं झालं ते इथे. केंद्राने सोडल्यावर सात वर्षांनी, 2022 मध्ये, राज्याने तो अर्हताकारी, म्हणजे क्वालिफाइंग केला. लगेच वर्णनात्मक मुख्य परीक्षेचा वाद पेटला आणि 2023 च्या सुरुवातीला पुण्यात आंदोलन होऊन तो पॅटर्न 2025 वर गेला, पण तो विषय वेगळा.

केंद्राकडे 66 मार्कांची अट तशीच राहिली, पेपर मात्र अवघड होत गेला. 2023 चं गणित बघून भले भले गार झाले, आणि जीएसमध्ये कटऑफच्या वर असलेली पोरंही सीसॅटमध्ये अडकली. काही उमेदवार 33 ऐवजी 23 टक्के करा म्हणून न्यायाधिकरणात गेले. क्वालिफाइंग केल्यामुळे मेरिटमधला फरक गेला, पण गाळण्याचं काम तोच पेपर करतोय, आणि उतारे अजूनही दोनच भाषांत छापले जातात.