जर्मनीला जायला केळीचं शेत विकावं लागत नाही

रावेर-यावलकडे अजून हेच ऐकायला मिळतं, पोरगं इंजिनिअरिंगनंतर जर्मनीला जायचं म्हणजे वावर विकून तिथली फी भरायची. भाऊ, तसं नाहीये. तिथल्या बऱ्याच सरकारी युनिव्हर्सिटीत ट्युशन फी नाहीच, फक्त सेमिस्टरचं थोडं वर्गणीसारखं भरावं लागतं. हां, स्टुटगार्ट-कार्ल्सरूहच्या राज्यात आपल्याकडच्यांना सेमिस्टरला 1500 युरो लागतात, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही फी सुरू केलीय, ते आधी बघून घ्या.

मग लाखांचा आकडा येतो कुठून? ब्लॉक्ड अकाउंटमधून. व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे 10 लाखांच्या वर, पोराच्याच नावावर ठेवायचे आणि तिथं गेल्यावर महिन्याला 992 मिळतात, त्यातच खोलीभाडं, किराणा. ती फी नाही, एजंटची तर अजिबात नाही! पण रक्कम दाखवावी लागतेच, म्हणून "सगळं फुकट" म्हणणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका.

कामाचं म्हणाल तर वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस करता येतं, आणि कोर्समध्येच असलेली सक्तीची इंटर्नशिप त्यात मोजत नाहीत. आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या डिग्री-मार्कशीट खऱ्या असल्याचं तपासून देतात तो दाखला, मात्र काढा, त्याशिवाय व्हिसाचं पुढं सरकत नाही.