लोकरी कपड्यांची निवड (विदर्भातील हिवाळी भटकंती)

विदर्भात डिसेंबर-जानेवारीत जंगलसफारी, गडभ्रमंती, पक्षिनिरीक्षण किंवा शेतातल्या जागलीसाठी बाहेर पडताना कोणती लोकर, किती जाडीची आणि कशावर कशी घालावी, याचा विचार या नोंदीत केला आहे. विदर्भ ओळखला जातो तो उन्हाळ्यासाठी. त्यामुळे इथल्या थंडीला बाहेरचे पाहुणे हलक्यात घेतात आणि पहाटे कुडकुडतात. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. मेळघाटात सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला तर गारवा अधिकच झोंबतो. उत्तरेचे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांमुळे थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी पुन्हा २५-२८ अंशांवर चढतो. त्यामुळे एकच जाडजूड कोट इथे गैरसोयीचा ठरतो. पातळ लोकरीचे दोन थर घालावेत, ऊन चढेल तसा एक उतरवून पिशवीत टाकावा.

लोकर म्हणजे केराटिन हे प्रथिन. तिचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असल्याने विणीत हवा अडकून राहते आणि ती हवाच ऊब धरते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, शिवाय ओलावा शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. कापसाचे तसे नाही. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात आत सुती बनियन आणि वर स्वेटर हाच सर्रास पेहराव, पण चालताना आलेला घाम सुती कापड धरून ठेवते आणि माणूस मचाणावर बसला की तेच कापड गार पडते. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेते. अंगालगत पातळ लोकर हवी ती यासाठीच. पहाटे हरभऱ्याच्या वावरातून गेलेल्याला पायांचेही सांगायला नको : दहिवर आणि हरभऱ्याच्या पानांवरची आंब (आंबट ओलावा) यांनी सुती पँट गुडघ्यापर्यंत चिंब होते, मोजेही भिजतात. एक वेळ बाकी काही नसले तरी चालेल, पण पायात लोकरी मोजे असावेत आणि बूट त्यांच्यासकट सैल बसावेत.

अंगालगतच्या कपड्यात तंतूची जाडी महत्त्वाची. १७ ते १९ मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर टोचत नाही. ३० मायक्रॉनच्या पुढची टोचतेच. चंद्रपूर-गडचिरोलीकडचे कुरमार आणि पश्चिम विदर्भातले धनगर ज्या मेंढ्या पाळतात, त्यांची लोकर भरड. तिचे स्वेटर होत नाही, घोंगडी होते. चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली ही घोंगडी अंगावर घेऊन, खाली अंथरून किंवा डोक्यावरून खोळ करून वापरता येते. ओलिताला रात्री वीज येते म्हणून वावरात जाणाऱ्या शेतकऱ्याला तिच्याइतके टिकाऊ पांघरूण दुसरे नाही. भटक्यांनीही ती बाहेरचा थर म्हणून जरूर घ्यावी, विणणाऱ्यांची कला त्यानेच जगेल.

बाजारात मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ १९७२ पासून नोर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने हिवाळ्यात शहराशहरांत लागतात, माल बहुधा लुधियानाचा असतो. त्यात ॲक्रिलिक हा कृत्रिम धागा भरपूर असतो. ते हलके, स्वस्त आणि कोरड्या थंडीत पुरेसे उबदार असते, पण घामाचा वास धरते. बाजारात लोकर आणि ॲक्रिलिक दोन्हींना सरसकट ‘वुलन’च म्हणतात, म्हणून आतल्या चिठ्ठीवर टक्के वाचावेत. चिठ्ठी नसेल तर शिवणीतला एक सुटा धागा चिमट्यात धरून पेटवावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत हटवली की विझते आणि मागे बोटांनी चुरडता येईल अशी काळी राख राहते. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गुठळी होते. शेकोटीभोवती हाच फरक कामी येतो : ठिणगी पडली तर नायलॉनच्या जॅकेटला क्षणात भोक पडते, लोकरीवर ती बहुधा विझते.

लोकरीचे उणे म्हणजे विणीतून वारा आरपार जातो. ताडोबा किंवा नागझिऱ्याच्या उघड्या जिप्सीत पहाटे बसणाऱ्याने स्वेटरवर वारा अडवणारे पातळ जॅकेट घालावे, कान आणि मान माकडटोपी-मफलरने झाकावी. रंग मातकट, खाकी किंवा गर्द हिरवे असावेत.

धुताना गार पाणी, रिठा किंवा सौम्य साबण वापरावा आणि पिळू नये. गरम पाण्यात घुसळल्यास तंतू एकमेकांत गुंततात आणि कपडा आटतो. सावलीत आडवा पसरून वाळवावा, दोरीवर टांगल्यास तो लोंबतो. कसर लागते ती घाम-डागांच्या कपड्याला आधी, आणि लोकर खाते ती पतंगाची अळी. म्हणून फाल्गुनात पेटीत ठेवण्यापूर्वी कपडे धुऊन, पूर्ण सुकवून, घट्ट बंद पिशवीत भरावेत.