भाषासंकेत : एस्पेरांतो आणि उझबेक

मोबाइलच्या सेटिंगला, लायब्ररीच्या कॅटलॉगला किंवा वेबपेजला भाषेचं पूर्ण नाव लागत नाही, छोटा कोड पुरतो, आणि हे कोड आयएसओ ६३९ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले असतात. एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेचा दोन अक्षरी कोड ईओ, तीन अक्षरी ईपीओ. उझबेकचा यूझेड आणि यूझेडबी. आपल्या मराठीचा एमआर आणि एमएआर. एस्पेरांतोला ईएस का नाही दिला असं वाटू शकतं, पण तो स्पॅनिशकडे आहे.

दोन अक्षरांत जास्तीत जास्त ६७६ जोड्या होतात, जगात भाषा हजारोंनी, म्हणून तीन अक्षरी यादी काढावी लागली. तिचा सगळ्यात मोठा भाग, आयएसओ ६३९-३, २००७ मध्ये आला आणि ती यादी एसआयएल इंटरनॅशनल ही संस्था सांभाळते. २०२३ मध्ये सगळे भाग एकाच मानकात आणले, कोड मात्र तेच राहिले.

एस्पेरांतोचं प्रकरण एकदम सोपं आहे. झामेनहॉफ नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये वॉर्सात ही भाषा छापून जाहीर केली, लिपी लॅटिन, सहा अक्षरांवर खुणा, बस. यादीत तिच्यापुढे ‘रचलेली भाषा’ असा शेरा आहे, पण दोन अक्षरी कोड तिला मिळालाच, आणि कोट्यवधी लोक बोलतात अशा भोजपुरीला मात्र तो नाही, तिला तीन अक्षरीच. म्हणजे कोडवरून भाषेचा मोठेपणा मोजायला जाऊ नये.

उझबेकचं तसं नाही. यूझेडबी हा खरं तर मॅक्रोलँग्वेजचा कोड, म्हणजे वरची छत्री, आणि तिच्याखाली दोन भाषा : उत्तर उझबेक यूझेडएन, मुख्यतः उझबेकिस्तानातली, आणि दक्षिण उझबेक यूझेडएस, मुख्यतः अफगाणिस्तानातली. त्यात लिपीचा घोळ वेगळाच. आधी अरबी लिपी होती, १९२० च्या दशकाच्या शेवटी लॅटिन आली, १९४० मध्ये सोविएत काळात सिरिलिक, म्हणजे रशियन लिहितात ती लिपी, लादली, १९९३ मध्ये स्वतंत्र उझबेकिस्ताननं परत लॅटिनचा कायदा केला, तरी सिरिलिक अजून चालूच आहे आणि अफगाणिस्तानात अरबीच चालते. त्यामुळे नुसतं यूझेड लिहून भागत नाही, पुढे आयएसओ १५९२४ मधला चार अक्षरी लिपीचा कोड जोडावा लागतो, नाहीतर ताश्कंदच्या वाचकासमोर भलत्याच लिपीतला मजकूर यायचा. एस्पेरांतोला ही शेपटी कोणी लावत नाही, गरजच नाही.

त्यानंतर देशाचा कोड येतो. उझबेकिस्तानचा कोडही यूझेडच, फक्त तो कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत आहे, त्यामुळे भाषा आणि देश एकच समजणारे बरेच असतात. हा योगायोग नेहमी जुळत नाही. एमआर ही भाषा म्हणून मराठी, पण देश म्हणून तो मॉरिटानिया, पश्चिम आफ्रिकेतला! एस्पेरांतोला तर देशच नाही, म्हणून तिथे देशाच्या जागी ००१ टाकतात, म्हणजे अख्खं जग, आणि मला तरी हे उत्तर मस्त वाटतं.

नागपूरकरांसाठी यात एक गंमत आहे. आयएसओ ६३९-३ मध्ये वऱ्हाडी-नागपुरी ही स्वतंत्र भाषा धरली आहे, कोड व्हीएएच, आणि मराठीला मात्र उझबेकसारखं मॅक्रोलँग्वेज केलेलं नाही, म्हणजे सीताबर्डीवर कोणी ‘काय करून राहिला बे’ म्हणालं तर यादीच्या हिशोबानं तो एमएआरच्या छत्रीत बसत नाही. बोलणाऱ्याला विचाराल तर तो मराठीच सांगेल. नागपुरातल्या शाळेचं किंवा दुकानाचं पेज बनवत असाल तर एमआरच टाका, फॉन्ट, स्पेलचेक, आवाजात वाचणारं सॉफ्टवेअर सगळं त्याच कोडवर चालतं. व्हीएएच बोलीच्या रेकॉर्डिंगला किंवा शब्दसंग्रहाला ठेवा.