पाच वेळा आमदार म्हणजे पाच पेन्शन? नाही हो

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय, जितक्या वेळा आमदार तितक्या पेन्शन, म्हणजे पाच टर्म काढलेल्या भाऊंना पाच. असं वाटणं साहजिक आहे, कारण पंजाबात आधी दर टर्मला पेन्शनमध्ये मोठी भर पडायची, पुढे ते बंद झालं. आपल्याकडे मात्र पेन्शन एकच. 1976 चा पेन्शन कायदा अन् त्यातली 2016 ची दुरुस्ती बघा, पहिल्या पाच वर्षांना महिना 50,000 आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 जास्त, म्हणजे 25 वर्षं आमदारकी केली तर 50 अधिक 40, झाले 90 हजार, अडीच लाख नाही. हेही जास्तच वाटतं ना, मलाही वाटतं, पण तो वाद वेगळा. खात्री करायची तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाका.