हात न लावता वाजणारं वाद्य

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. एक बाई हवेत बोटं हलवतात, समोरच्या पेटीतून गळ्यासारखा सूर निघतो, आणि खाली लिहिलंय की ही शरीरातल्या प्राणशक्तीची किमया. प्राणशक्तीचा इथे काही संबंध नाही. पाण्याने भरलेला तांब्या त्या पेटीच्या दांडीजवळ सरकवला तरी सूर चढतो. या वाद्याचं नाव थेरेमिन, आणि त्यातली खरी युक्ती फार देखणी आहे.

1920 च्या सुमारास रशियातल्या पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) लेव्ह तेरमेन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण बनवत होता. हात जवळ गेला की हेडफोनमधली शिटी बदलते, हे त्याच्या लक्षात आलं. गडी चेलो वाजवणारा. त्याने त्या शिटीवरच धून वाजवून पाहिली.

तानपुरा लावताना जोडीच्या तारा जवळपास जुळल्या, पण पुरत्या नाहीत, की ‘वाँव-वाँव’ अशी लाट ऐकू येते. दोन तारांच्या कंपनांत जितका फरक, तितक्या लाटा सेकंदाला. थेरेमिनमध्ये तारांच्या जागी दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारी मंडलं, असतात, दोन्ही कानाच्या आवाक्याबाहेरचे. समजा, पहिला सेकंदाला 3,00,000 कंपनांवर पक्का बांधलेला. दुसरा अँटेनाला, म्हणजे त्या दांडीला जोडलेला. दोन पट्ट्यांमध्ये विद्युतभार साठवतो तो कपॅसिटर; इथे अँटेना ही त्याची एक पट्टी, आपला हात ही दुसरी. हात जवळ आला की कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, किंचित वाढतो आणि दुसरा ऑसिलेटर 2,99,560 वर उतरतो. व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळीचा जुना इलेक्ट्रॉनिक भाग, ही दोन्ही कंपनं नुसती मिसळत नाही. लाटेच्या वरच्या आणि खालच्या भागाला तो सारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून फरकाची वारंवारता वेगळी होऊन बाहेर पडते. 440, ऐकू येणारा सूर!

आता गंमत बघा. दुसरा ऑसिलेटर बदलला फक्त 0.15 टक्के. थेट 440 वर चालणारा ऑसिलेटर तेवढाच ढळला असता, तर फरक एका कंपनाहूनही कमी. कानाला कळणं मुश्कील. वजाबाकीमुळे तेवढ्याशा बदलात शून्यापासून 440 पर्यंतचा सगळा पल्ला हातात येतो.

डावा हात दुसऱ्या अँटेनाकडे, म्हणजे आडव्या कडीकडे नेला की आवाज मंदावतो. बोट टेकायला पट्टी नाही की पडदा नाही. थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर हे वाद्य वाजवताना अंग अगदी स्थिर ठेवत, कारण शरीर डोललं तरी सूर ढळतो.

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग शाळकरी वयातच थेरेमिन बनवू लागला. 1964 मध्ये त्याने सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या मंडलांतून सूर घडवणारं वाद्य, पुढे आणला, त्यात सूर हलवायचं काम हाताकडून व्होल्टेजकडे गेलं: एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. हा व्होल्टेज कीबोर्डच्या पट्टीतून येतो, तसा दुसऱ्या ऑसिलेटरमधूनही आणता येतो. तो व्होल्टेज सेकंदाला पाच-सहा वेळा झुलू लागला की सुरात तेच कंपन उमटतं, जे थेरेमिनवर हात थरथरवून आणावं लागायचं.