मानसशास्त्राचे प्राध्यापक ते विद्यापीठाचे डीन (कोकण)

डीन म्हणजे अधिष्ठाता, विद्यापीठातल्या एका विद्याशाखेचा प्रमुख. कोकणात हा शब्द काढला की लोकांना आधी सरकारी मेडिकल कॉलेजचे डीन आठवतात, आणि दापोलीकडे विचाराल तर कृषी विद्यापीठातले (स्थापना १९७२) सहयोगी अधिष्ठाता, जे तिथे कॉलेजचे प्रमुखच असतात. ही नोंद मात्र वेगळ्या माणसाची आहे, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत शिकवत मुंबई विद्यापीठाच्या मानव्यविद्या शाखेच्या डीनपदापर्यंत जाणाऱ्याची.

सुरुवात साधी, एमए करायचं, मग नेट नाहीतर सेट (प्राध्यापकीसाठीच्या देश आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा), आणि मग बऱ्याच जणांची उमेदीची वर्षं सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) जातात, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे आणि मे महिन्यात हातात काहीच नाही. या टप्प्यावर किती चांगली माणसं मुंबईला निघून गेली याचं वाईट वाटतं. जे टिकतात ते सहायक, सहयोगी करत प्राध्यापक होतात, थेट नेमणुकीसाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे पीएचडी, १० वर्षांचा अनुभव आणि किमान १० शोधनिबंध लागतात.

या विषयाचा खरा जीव प्रॅक्टिकलमध्ये आहे. आरसा-रेखनाचा प्रयोग घ्या, टेबलावर छापील तारा, वर आडवी पट्टी लावलेली म्हणजे स्वतःचा हात दिसत नाही, फक्त समोरच्या आरशात बघत ताऱ्याच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पहिल्यांदा प्रत्येक कोपऱ्यावर हात अडतो, उलटीकडेच जातो, मुलं घामाघूम होतात, मग चुका आणि सेकंद मोजून जर्नलमध्ये (प्रॅक्टिकलच्या वहीत) लिहायचे, आणि उजव्या हाताचा सराव झाल्यावर डाव्या हाताने काढायला लावलं की त्यालाही थोडं जमायला लागलेलं असतं. शिकणं म्हणजे काय हे अर्ध्या तासात कळतं, सर किंवा मॅडमना वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी मोठी शाळा म्हणजे रत्नागिरीचं मनोरुग्णालय, राज्यातल्या ४ प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. इथल्या मुलांच्या घरी बाधा (भूत लागणं), देवचार (गावची राखण करणारं दैवत), गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) हे शब्द रोजचे असतात, त्यामुळे आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायची गोष्ट घरच्यांचा अपमान न करता कशी बोलायची हे इथल्या शिक्षकाला आधी शिकावं लागतं. माझ्या मते हे ज्याला जमतं तोच अभ्यासक्रम ठरवायला बसायला हवा.

पण अभ्यासक्रम ठरतो मुंबईत, कलिन्याला, म्हणजे विद्यापीठाच्या आवारात. आधी त्या विषयाचं अभ्यासमंडळ, मग विद्याशाखा, मग सगळ्या विद्यापीठाची विद्यापरिषद, आणि प्रत्येक मीटिंगला कोकणातल्या माणसाने जायचं म्हणजे रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर मीटिंग, परत रात्रीची गाडी आणि दुसऱ्या दिवशी लेक्चर. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी तर एसटीच. लांबचा प्रवास इथल्या शिक्षणाच्या पाचवीलाच पुजलाय, महर्षी कर्वे परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. रँग्लर परांजपे पण दापोलीजवळच्या मुर्डीचे, ते पुढे लखनौ आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण कर्तृत्व घडलं ते घाटापलीकडेच.

डीनपदाचं स्वरूपही बदललंय. १९९४ च्या कायद्यात विद्याशाखेचे सदस्य आपल्यातूनच डीन निवडायचे आणि तो माणूस आपल्या कॉलेजात शिकवतही असायचा. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला, विद्याशाखा ४ झाल्या आणि डीन निवड समितीतून येणारा पूर्णवेळ पगारी अधिकारी झाला, मुदत कुलगुरूंच्या मुदतीला जोडलेली. कामाला न्याय मिळतो हे खरं, कारण आता मानसशास्त्राबरोबर इतिहास, मराठी, अर्थशास्त्र सगळ्यांचे अभ्यासक्रम आणि नवीन शैक्षणिक धोरणाची क्रेडिटं बघायची असतात. पण वर्ग सुटतो, आणि कोकणातल्या माणसाचं घरही सुटतं, आईवडील गावाला, हा कलिन्याला.

मुदत संपली, लिएन (मूळ नोकरीवरचा हक्क) ठेवलेली असली आणि निवृत्ती लांब असली तर माणूस मूळ कॉलेजात परत येतो, आणि जूनमध्ये परत टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात आरशासमोर तारा मांडून बसतो.